भाभा आणि दार उघडता येणारे यंत्र

तापी नदी खंभातच्या आखाताला मिळते त्या मुखाशी, सुरत शहरापासून थोड्याच अंतरावर, हजीरा आहे. सतराव्या शतकात शेजारच्या सुवाळीच्या बारात इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांची गलबते नांगर टाकून उभी राहत. आता त्या किनाऱ्यावर पोलाद, वायू आणि खताच्या कारखान्यांची रांग लागली आहे. खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेला गेलेल्या हजारो मराठी कुटुंबांना हे नाव परिचयाचे आहे. गोमंतकीय वाचकाला मात्र ते क्वचितच कानावर पडले असेल. या रांगेत, क्रिभकोच्या खत कारखान्याला लागून, अणुऊर्जा विभागाचे एक संयंत्र उभे आहे. तेथे जड पाणी तयार होते.

निसर्गातील हायड्रोजनच्या सुमारे सात हजार अणूंमागे एक अणू जड असतो. त्याला ड्युटेरियम म्हणतात. खत कारखान्यात अमोनिया तयार करण्यासाठी जो वायू वापरतात, त्यातील हायड्रोजनातही हे जड अणू विखुरलेले असतात. हजीऱ्याच्या संयंत्रात तो वायू द्रवरूप अमोनियाच्या सान्निध्यात आणला जातो, जड अणू अमोनियात उतरतात आणि उरलेला वायू खत कारखान्याला परत जातो. १९९१ साली हे संयंत्र कार्यान्वित झाले. तेथील जड पाणी नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भारतीय अणुभट्ट्यांसाठी असते. तशा भट्ट्या याच तापीच्या काठी, वरच्या अंगाला, काकरापारलाही आहेत.

ज्या पुरुषाच्या आराखड्यातून हे सारे उभे राहिले, त्याने हजीऱ्याचे संयंत्र पाहिले नाही. ते सुरू झाले तेव्हा त्याला जाऊन पाव शतक लोटले होते. डॉ. होमी जहांगीर भाभा यांना आपण अणुऊर्जेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या चरित्राचा एक कोपरा अजून पुरेसा उजेडात आलेला नाही. भारतात रचलेला आणि बांधलेला पहिला पूर्ण आकाराचा इलेक्ट्रॉनिक संगणक त्यांच्याच संस्थेत जन्माला आला. त्या यंत्राची कथा ही एका अर्थी भाभांच्या स्वभावाचीच कथा आहे.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुसंस्कृत पारशी घराण्यात झाला. वडील जहांगीर हे बॅरिस्टर होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात ग्रंथांचा मोठा संग्रह होता, पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या, आणि उद्योग उभारण्याच्या गोष्टी जेवणाच्या टेबलावर नित्य चालत. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून वयाच्या अठराव्या वर्षी ते केंब्रिजला गेले. वडिलांची इच्छा मुलाने यंत्र अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याचा कारभार पाहावा अशी होती. मुलाचे मन भौतिकशास्त्राकडे ओढ घेत होते. पितापुत्रांत समेट झाला तो असा की आधी अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण व्हावे, मग गणित व भौतिकी यांना मोकळीक मिळेल. १९३० साली भाभांनी ती अट पुरी केली.

ही अट पुढे देशाच्या कामी आली. भाभा सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ झाले, इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या विकीर्णनाला त्यांचे नाव मिळाले, १९३७ साली हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. पण यंत्राकडे पाहण्याची अभियंत्याची दृष्टी त्यांच्यातून कधी गेली नाही. एखादे उपकरण विकत आणून वापरणे आणि ते स्वतः बांधून वापरणे यांतील अंतर त्यांना नीट ठाऊक होते.

१९३९ साली ते सुटीसाठी मायदेशी आले आणि युरोपात महायुद्ध भडकले. परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर चंद्रशेखर रामन यांच्या भौतिकी विभागात त्यांनी काम स्वीकारले. १९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परतणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी वेगळा मार्ग धरला. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था स्थापन करण्याची सूचना केली. अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, हा त्या पत्राचा गाभा होता. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम बंगळूरला सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईत, पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली.

या संस्थेच्या पहिल्या मानकऱ्यांत गोमंतकाचा एक सुपुत्र होता. कोसबेन येथे १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांना भाभांनीच गणिताच्या अध्यापनासाठी व संशोधनासाठी संस्थेत आणले. कोसंबींना आज आपण प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून वाचतो; परंतु १९४८-४९ या काळात ते युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंड व अमेरिकेत गेले होते, ते गणनयंत्रांचा अभ्यास करण्यासाठी. जगात इलेक्ट्रॉनिक संगणक तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते. पुढे अणुऊर्जेच्या प्रश्नावर भाभा आणि कोसंबी यांचे मार्ग दुभंगले. कोसंबी सौरऊर्जेचे पुरस्कर्ते होते आणि १९६२ साली ते संस्थेबाहेर पडले. दोघांचेही निधन १९६६ या एकाच वर्षी, अवघ्या पाच महिन्यांच्या अंतराने झाले.

पन्नासच्या दशकाच्या मध्यावर भारतात संगणकाचा प्रश्न दोन शहरांत दोन रीतींनी सोडवला गेला. कलकत्त्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने इंग्लंडहून तयार यंत्र मागवले. राष्ट्रीय नियोजनाची आकडेमोड खोळंबली होती आणि त्यांना उत्तरे तातडीने हवी होती. मुंबईत भाभांनी यंत्र बांधायचे ठरवले. त्यांच्या दृष्टीने उत्तरांइतकीच उत्तरे देणारे यंत्र उघडून दुरुस्त करू शकणारी माणसे महत्त्वाची होती. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य होते. पण दुसऱ्या निर्णयात धोका अधिक होता. यंत्र चालले नसते तर पैसा आणि वर्षे दोन्ही वाया गेली असती, आणि देशात संगणक बांधता येत नाही असा ग्रह पक्का झाला असता.

या कामाचे नेतृत्व रंगस्वामी नरसिंहन या तरुणाकडे आले. ते १९५४ साली अमेरिकेतील शिक्षण संपवून संस्थेत दाखल झाले होते. त्यांच्याभोवती जमलेले सहकारी बहुतेक विशीतले आणि या विद्येत नवखे. म्हणून थेट मोठ्या यंत्राला हात न घालता आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र करण्याचे ठरले. १९५५ मध्ये सुरू झालेले ते यंत्र १९५६ च्या अखेरीस चालू लागले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला तुर्भे येथे अप्सरा ही आशियातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली होती. वृत्तपत्रांचे मथळे अर्थातच अप्सरेला मिळाले.

पूर्ण आकाराचे यंत्र फेब्रुवारी १९६० मध्ये रीतसर कामाला लागले. अठरा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि आठ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात ते सामावले होते. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. स्मृती फेराइटच्या इवल्या कड्यांची होती. चाळीस अंकस्थानांचा एक शब्द, असे २,०४८ शब्द तिच्यात मावत. म्हणजे एक्याऐंशी हजारांहून अधिक कड्या तारांत ओवलेल्या होत्या. आज एखाद्या साध्या छायाचित्राला याच्या शेकडोपट जागा लागते. माहिती आत जाई ती भोके पाडलेल्या कागदी फितीवरून, उत्तरे बाहेर येत ती दूरमुद्रकावर, आणि आलेख पाहण्यासाठी किरणनलिकेचा पडदा जोडलेला होता. सांगाड्याच्या प्रत्येक कप्प्याला दोन्ही बाजूंनी दारे होती. दार उघडावे आणि मंडलापर्यंत हात पोहोचवावा, अशी ती रचना होती.

या दारांचे महत्त्व समजण्यासाठी यंत्राच्या स्वभावातील एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. संगणकाच्या मध्यभागी जे चालते ते केवळ आकडे आणि संकेत असतात. फीत वाचणारे उपकरण खरोखर जोडलेले आहे काय, दूरमुद्रकात कागद आहे काय, हे मध्यभागाला आपोआप कळत नाही. त्याला ते विचारावे लागते, आणि समोरून उत्तर यावे लागते. उत्तर आले नाही तर उपकरण बिघडले, तार तुटली, की विचारणाराच चुकीच्या पत्त्यावर विचारतो आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. मुंबईतील त्या पहिल्या यंत्रात आजच्या अर्थाची ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. उपकरणांची यादी कोणत्याही स्मृतीत नोंदलेली नव्हती. ती अभियंत्यांच्या डोक्यात होती. बिघाड झाला की दार उघडून, संकेत कोठपर्यंत पोहोचतो आणि कोठे हरवतो, ते पायरीपायरीने पाहावे लागे. हे शिक्षण महाग आणि संथ होते, पण ते पक्के होते.

१५ जानेवारी १९६२ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू कुलाब्याच्या टोकावरील संस्थेच्या नव्या वास्तूच्या उद्‌घाटनास आले, तेव्हा त्यांनी या यंत्राचे नामकरण केले : टिफ्रॅक. भाभांना वास्तूही यंत्राइतकीच प्रिय होती. रस्त्यासाठी झाडे तोडण्याऐवजी ती मुळांसह उचलून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. भिंतींसाठी त्यांनी समकालीन चित्रकारांची चित्रे विकत घेतली. वासुदेव गायतोंडे, फ्रान्सिस न्यूटन सौझा अशा, गोव्याशी नाळ जुळलेल्या कलावंतांच्या कलाकृती त्या संग्रहात आहेत. भाभा स्वतः चित्रे काढीत. ज्या काळात या चित्रकारांना गिऱ्हाईक मिळणे दुरापास्त होते, त्या काळात एका विज्ञानसंस्थेने त्यांची कदर केली, हे गोमंतकीयांनी विसरू नये.

टिफ्रॅकच्या यशात एक शल्य दडलेले होते. यंत्र पूर्ण होईपर्यंत जग पुढे गेले होते. निर्वात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टरने घेतली होती. संस्थेतील आणि देशातील संशोधकांची गरज इतकी वाढली की दोन पाळ्या चालवूनही यंत्र पुरेना. भाभांपुढे कठीण निवड होती. स्वतः बांधलेल्या यंत्राचा अभिमान धरून बसावे, की बाहेरचे यंत्र आणावे? त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. १९६४ साली अमेरिकेच्या कंट्रोल डेटा कंपनीचे ३६०० हे भव्य यंत्र कुलाब्याला आले आणि टिफ्रॅकची पाळी संपली. स्वावलंबन म्हणजे आयातबंदी असा सोपा अर्थ भाभांनी कधी केला नाही, याचा हा उत्तम दाखला आहे.

नव्या यंत्राबरोबर एक नवी गोष्ट आली : यंत्राचा कारभार पाहणारी ऑपरेटिंग सिस्टीम. आता प्रोग्राम लिहिणाऱ्याला खऱ्या उपकरणाचे नाव घ्यावे लागत नसे. तो केवळ एक क्रमांक लिही. त्या क्रमांकामागे चुंबकीय फीत आहे की मुद्रक, हे नियंत्रण-कार्डावर सांगितले जाई आणि प्रणाली त्याप्रमाणे जोडणी करी. यंत्रातून माहितीच्या वाहिन्या निघत आणि एका वाहिनीवर उपकरणांचे आठपर्यंत नियंत्रक बसत. प्रत्येक नियंत्रकाचा क्रमांक त्याच्यावरील कळ फिरवून ठरवलेला असे. मध्यवर्ती यंत्र वाहिनीवर क्रमांक पुकारी. ज्याचा तो क्रमांक असेल तो नियंत्रक हुंकार देई. कोणीच दिला नाही तर विनंती नाकारली गेल्याची खूण मिळे.

ही व्यवस्था शाळेतील हजेरीसारखी आहे, आणि हजेरीत होणारे सगळे घोटाळे तिच्यातही होतात. पटावर नाव आहे पण मुलगा गैरहजर. मुलगा वर्गात आहे पण पटावर नाव नाही. एकाच क्रमांकाची दोन मुले एकदम उठून उभी राहतात. पहिल्या प्रकारात प्रणाली नसलेल्या उपकरणाची वाट पाहत राहते. दुसऱ्यात समोर उभे असलेले चांगले उपकरण तिला दिसतच नाही. तिसऱ्यात दोन उत्तरे एकमेकांत मिसळतात आणि दोष कधी येथे, कधी तेथे डोकावतो. तो शोधणे सर्वांत अवघड. अशा वेळी अनुभवी माणूस प्रथम यादी वाचतो, मग उठून प्रत्यक्ष उपकरणापाशी जातो, कळ कोणत्या अंकावर आहे ते पाहतो आणि तार कोठे जाते ते हाताने चाचपतो. यादी आणि वस्तुस्थिती यांची गाठ घालून देणे, हेच या विद्येचे सार आहे.

पुढल्या दशकांत महासंगणकांच्या प्रणालींचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, अधिक हुशार झाला. तो सुरू होतानाच एकेका पत्त्यावर कोण आहे अशी विचारणा करू लागला, उपकरणाला स्वतःची जात व प्रतिकृती सांगायला लावू लागला, आणि नको ती उपकरणे वगळण्याची सोय मिळाली. तरीही मूळ प्रश्न संपला नाही. विचारणा झाली नाही, की झाली पण उत्तर आले नाही, की उत्तर आले पण ते समजले नाही, या तीन शक्यता आजही अभियंत्याला एकेक करून निकालात काढाव्या लागतात. वगळण्याच्या यादीत चुकून पडलेला एक पत्ता पूर्ण यंत्राला आंधळे करू शकतो.

कुलाब्याच्या तरुणांना नव्या यंत्राची ही भाषा तुलनेने लवकर उमगली, कारण त्यांनी स्वतःच्या हाताने एक यंत्र बांधले होते. टिफ्रॅकने किती गणिते सोडवली यापेक्षा हा लाभ मोठा होता. यंत्र चार वर्षांत कालबाह्य झाले. माणसे झाली नाहीत.

भाभांना हे पुरते उमजले होते. ऑगस्ट १९६३ मध्ये केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक्सच्या गरजांचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे दिले. चीनशी झालेल्या युद्धाचा धडा ताजा होता. रेडिओ, रडार, संगणक यांच्या सुट्या भागांसाठी देश परावलंबी होता. समितीने दहा वर्षांचा आराखडा आखला. तो प्रसिद्ध झालेला पाहणे मात्र भाभांच्या नशिबी नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघालेले भाभा ज्या विमानात होते, ते एअर इंडियाचे कांचनगंगा हे बोइंग विमान आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. भाभा छप्पन्न वर्षांचे होते. त्यांनी लग्न केले नव्हते. संस्था हाच त्यांचा संसार होता.

माणूस गेल्यावर त्याच्या संस्थेची परीक्षा सुरू होते. १९६७ साली तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचे नाव देण्यात आले आणि त्याच वर्षी हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन स्थापन झाले, ज्याने पुढे भारतीय बनावटीचे संगणक बाजारात आणले. खरी कसोटी १९७८ साली लागली. परकीय भागभांडवलाच्या नियमांवरून आयबीएम कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला. देशभर पसरलेल्या तिच्या यंत्रांची देखभाल कोणी करायची, हा प्रश्न उभा राहिला. ही जबाबदारी संगणक देखभाल महामंडळाने, म्हणजे सीएमसीने, घेतली. या महामंडळाचे पहिले अध्यक्ष होते तेच नरसिंहन, ज्यांनी वीस वर्षांपूर्वी भाभांच्या छत्राखाली टिफ्रॅक उभा केला होता. ज्या यंत्रांचा निर्माता निघून गेला होता, ती यंत्रे भारतीय अभियंत्यांनी चालू ठेवली. एका संस्थेने पंचावन्न साली पत्करलेल्या धोक्याचे हे उशिरा आलेले फळ होते.

आता पुन्हा हजीऱ्याकडे वळू. जड पाण्याचे संयंत्र म्हणजे उंच मनोरे, प्रचंड दाबाखालचा वायू आणि अतिथंड अमोनिया. अशा ठिकाणी दाब, तापमान, प्रवाह मोजणारी उपकरणे जागोजागी बसवलेली असतात आणि त्यांची वाचने नियंत्रणकक्षात एकत्र येतात. पडद्यावरचा आकडा खरोखर त्याच मापकाचा आहे काय, तो मापक जिवंत आहे काय, हा प्रश्न तेथे केवळ तांत्रिक उरत नाही. त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. कोठल्याही आधुनिक कारखान्यात, रुग्णालयात किंवा विमानतळावर हीच स्थिती आहे. आपले सारे जीवन आता यंत्रांच्या हजेरीपटावर चालते.

गोव्यातील महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना हा इतिहास सांगितला पाहिजे. आज त्यांना तयार यंत्र आणि तयार प्रणाली हाती मिळते. झाकण उघडले तर हमी संपते, अशी तंबीही सोबत मिळते. भाभांच्या काळी साधने तुटपुंजी होती, पण दारे उघडी होती. विकतचे यंत्र आणू नये असे भाभांनी कधी सांगितले नाही. त्यांनी ते आणलेच. मात्र ते आणण्याआधी, त्याच्या पोटात काय चालते हे जाणणारी माणसे त्यांनी घडवली. हजीऱ्याच्या मनोऱ्यांपासून कुलाब्याच्या भिंतींवरील गायतोंडेंच्या चित्रांपर्यंत जे काही त्यांच्या मागे उरले, त्यात हा वारसा सर्वांत कमी दिसणारा आणि सर्वांत अधिक उपयोगी पडलेला आहे.